चौथ्यात कमी, पाचव्यात कुंईंई : जुन्या झेनचा गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

प्रश्न निपाणीच्या एका दादांचा आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २००४ ची मारुती झेन, के ए २३ पासिंग, वडिलांनी नवी घेतलेली, मीटरवर १ लाख ४० हजार. गेले दोन-तीन महिने हायवेला ७०-८० च्या स्पीडला पाचवा टाकला की कुंईंई असा बारीक आवाज येतोय, चौथ्यात तोच आवाज बराच कमी, तिसऱ्यात जवळपास नाहीच. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना पण हलकी गुणगुण येते आणि क्लच दाबला की बंद होते. एका गॅरेजवाल्यानं गाडीत बसून एक चक्कर मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला, सेकंडहँड बसवूया, २५ हजार होतील. आणि प्रश्नाच्या एकदम शेवटी, जाता जाता लिहिल्यागत एक ओळ, की मार्चमध्ये डाव्या एक्सलचं (गिअरबॉक्समधनं चाक फिरवणारा दांडा) बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी टोपण, फाटलं होतं ते बदललं, बाकी गाडीला हात लावलेला नाही. गणपतीला चोर्ला घाटातनं गोव्याला सासरवाडीला जायचंय, चालेल का.

दादा, तुमच्या सगळ्या प्रश्नात कामाची ओळ तीच आहे, बूट बदलल्याची. ती वाचल्यावर मला बाकीचं वाचायची फारशी गरजच उरली नाही.

का ते सांगतो. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारी चक्रं) एकाच पेटीत असतं आणि दोन्ही एक्सल त्या पेटीतच घुसलेले असतात. बूट बदलायला एक्सल बाहेर ओढला की त्या भोकातनं गिअर ऑइल भडाभडा खाली येतं. नीट काम करणारा माणूस आधी ऑइल काढून घेतो, एक्सलचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, नवं घालतो, मग लेव्हलपर्यंत परत भरतो. घाईतला माणूस एक्सल ओढतो, खाली आलेलं ऑइल फडक्यानं पुसतो, एक्सल ढकलतो आणि गाडी देतो, ऑइल किती गेलं ते बघायला कोण बसलंय. त्यात जुनंच सील एक्सलच्या दातऱ्यांनी जरा कापलं असेल तर उरलेलं पण थेंब थेंब जात राहतं. इंजिन ऑइल कमी झालं तर निदान लाल दिवा लागतो, गिअरबॉक्सला असला कुठलाच दिवा नाही, तो फक्त आवाज करतो.

आता पाचवाच का? झेनसारख्या गाड्यांत पहिले चार गिअर मोठ्या पेटीच्या आत असतात आणि पाचव्याची जोडी शाफ्टच्या टोकाला, बाजूच्या छोट्या कव्हरमध्ये बसवलेली असते. ऑइल पंप वगैरे काही नसतो, खाली बुडालेली चक्रं फिरताना ऑइल उडवतात त्यावरच सगळं भागतं. लेव्हल खाली गेली की सगळ्यात आधी टोकाचा भाग कोरडा पडतो, आणि हायवेला तुम्ही तासन्तास तोच गिअर वापरता. म्हणून एक्सलचं काम, त्यानंतर काही आठवड्यांत पाचव्यात आवाज, ही जोडी दिसली की मी गाडी रॅम्पवर चढवायच्या आधीच पोराला दोन लिटर ऑइल आणायला पाठवतो.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती, मालक म्हणाला, "मामा, पाचव्यात लई आवाज येऊलालाय बगा." आमच्याकडचा पोरगा कन्नड, त्यानं लेव्हलचा बोल्ट काढला, करंगळी आत घातली, वाकवली, बाहेर काढली आणि करंगळी मला दाखवली. कोरडी. "एण्णी इल्ल री," म्हणजे तेलच नाही हो. खालचा नट काढला तर पेल्याएवढं काळं, पाण्यागत पातळ ऑइल आलं, बस. बॉक्समध्ये नवं ऑइल भरलं आणि आवाज निम्म्यापेक्षा जास्त कमी झाला, पूर्ण नाही गेला, कारण जे झिजलं ते झिजलं. ती गाडी अजून फिरत्येय.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. सपाट जागा बघून गाडी उभी करा, उतारावर नको, लेव्हल चुकते. पुढची दोन्ही चाकं उचलली तर मागचीपण तेवढीच उचलायला लागतील, त्यापेक्षा कुणाच्या पिटवर (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) न्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली घुसायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय अजिबात नाही, हे मी ओरडून सांगतो. गिअरबॉक्सच्या बाजूला लेव्हलचा आणि भरायचा बोल्ट असतो आणि तळाला ड्रेन नट. आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघायचं, मगच खालचा सोडायचा. हे उलटं करून रडलेले लोक मी बघितलेत, खालचं सगळं ऑइल रिकामं आणि वरचा बोल्ट गंजून गोल झालेला, मग गाडी टोचन करून घरी. बोल्ट सुटला की ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं पाहिजे. करंगळीला लागलं नाही तर तुमचं निदान तिथंच निम्मं झालं.

आणि ऑइल काढताना ते मातीत सोडू नका, पांढऱ्या डब्यात घ्या, कारण ऑइल सगळं सांगतं. ड्रेन नटाला बहुतेक लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी, ग्रीससारखा मऊ लेप असेल तर घाबरायचं कारण नाही, इतक्या वर्षांच्या गाडीत तेवढं निघणारच. बोटांत चोळल्यावर कण टोचले, चकत्या निघाल्या, किंवा दाताचा तुकडा, सुईसारखा बारीक रोलर निघाला तर मग बॉक्स उघडायला लागतोय, त्याला इलाज नाही. उन्हात धरल्यावर ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रोच्या रिंगा (गिअर टाकताना चक्रांचा वेग जुळवणाऱ्या) झिजतायत, त्याचा कुंईंई आवाजाशी संबंध कमी, गिअर टाकताना खर्र होतं त्याच्याशी जास्त. आणि ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. आपल्याकडं खानापूर, जांबोटी, कणकुंबी साइडला जुलै-ऑगस्टमध्ये हे नेहमीचं. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधनं (हवेचं भोक) नाहीतर सीलमधनं पाणी आत ओढून घेते. ओढ्यातनं गाडी काढली असेल तर आवाज यायची वाट बघत बसू नका, ऑइल बदलून टाका, बेअरिंगला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

ऑइल कुठलं घालायचं यावर दुकानात जाऊन भांडण करा पण चुकीचं घेऊ नका. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलेलं पाहिजे. आपल्याकडं सगळे नुसतं "नव्वद नंबर द्या" म्हणतात आणि दुकानदार समोर असलेला जीएल-५ चा डबा देतो, जो मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीच्या मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियनसाठी (डिफरन्शिअलची मोठी-छोटी दातेरी जोडी) चांगला, पण त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, काही ऑइलमधली ती पितळी रिंगांना खाते, आणि घसरडं पण जास्त असतं म्हणून रिंग नीट पकडत नाही, गिअर पडायला कटकट. आणखी एक सल्ला तुम्हाला हमखास मिळणार, की "एकशेचाळीस नंबर घाला, आवाज गप्प होतोय." होतोय खरं. जाड ऑइलनं आवाज दबतो, म्हणूनच गाडी विकायच्या आदल्या दिवशी लोक ते घालतात, पूर्वी तर लाकडाचा भुसा घालायचे. पण थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकताना हात दुखेल आणि बारीक जागेत ऑइल पोचायचंच नाही. आवाज दाबणं आणि आवाज घालवणं यात फरक आहे की.

आता ऑइल लेव्हलला असूनही आवाज असेल तर काय, ते सविस्तर सांगतो, कारण इथंच लोक फसतात आणि मी पण फसलोय.

आवाज कसला आहे यापेक्षा आवाज कधी येतो हे महत्त्वाचं. एक वही घ्या, शेजारी कुणालातरी बसवा, आणि लिहून काढा. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला, आवाज आहे का? क्लच पूर्ण दाबल्यावर आहे का? क्लच सोडलेला असताना इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत असतं, दाबला की तो शाफ्ट थांबतो. म्हणून दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर बहुतेक इनपुट शाफ्टचं बेअरिंग, तुमचं तसंच दिसतंय. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे दाबल्यावर क्लचला ढकलणारं, त्याचा गिअरबॉक्सच्या आतल्या सामानाशी काही संबंध नाही, पण बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवायला लागतो, आणि याच घोळात किती लोकांना चांगले गिअरबॉक्स बदलून दिले असतील देव जाणे. आणि क्लच दाबला काय, सोडला काय, आवाजात काहीच फरक नसेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय, तो इंजिनच्या बाजूचा आहे, अल्टरनेटर, वॉटर पंप, टायमिंग बेल्टचा टेन्शनर. बाहेरचा बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवून बघा, आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा वॉटर पंप. फक्त अर्धाच मिनिट, वॉटर पंपपण त्यावरच फिरत असतो.

मग चालत्या गाडीत. ५० च्या स्पीडला तिसऱ्यात ऐका, मग त्याच ५० ला चौथ्यात. स्पीड तोच, इंजिनचे फेरे वेगळे. आवाजाचा सूर तस्साच राहिला तर तो चाकाच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणजे डिफरन्शिअल, चाकाचं बेअरिंग नाहीतर टायर. सूर बदलला तर इनपुटच्या बाजूचा, नाहीतर त्या त्या गिअरच्या दातांचा. दातांचा आवाज बारीक शिट्टीसारखा का असतो याचं साधं गणित आहे, शाफ्ट मिनिटाला ३००० फिरला तर सेकंदाला ५० फेरे, चक्राला २० दात असतील तर सेकंदाला १००० वेळा दातावर दात, तो झाला सूर. खराब बेअरिंग बहुतेक जाड आवाजात घुरघुरतं, खरखरतं, स्पीडबरोबर वाढतं. बेअरिंग ढिलं पडून शाफ्ट हलायला लागला की मात्र दोन्ही एकदम ऐकू येतात, म्हणून नुसत्या कानावर विसंबून राहू नये.

निपाणीकरांना देवानं एक फुकटचं टेस्टिंग मशीन दिलंय, तवंदी घाट. चढताना अॅक्सिलरेटर दाबलेला असतो, दातांच्या एका बाजूवर जोर, उतरताना अॅक्सिलरेटर सोडून त्याच गिअरमध्ये उतरा, जोर दातांच्या दुसऱ्या बाजूवर. फक्त चढताना किंवा फक्त उतरताना ओरडत असेल तर दातांचा किंवा क्राऊन-पिनियनच्या बैठकीचा संशय, दोन्हीकडं सारखाच असेल तर बेअरिंग. न्यूट्रलची टेस्ट, म्हणजे चालत्या गाडीत न्यूट्रल केल्यावर आवाज तसाच राहतोय का (राहिला तर चाकाच्या बाजूचा), मात्र घाटात करायची नाही, ती कोगनोळीकडं सपाट रस्त्यावर, मागं कोण नाही बघून, ६० वरनं न्यूट्रल करून पाच-सहा सेकंद, आणि चावीला हात लावायचा नाही. इंजिन बंद केलं तर ब्रेक जड होतो आणि चावी बाहेर आली तर स्टीअरिंग लॉक, मग आवाज शोधायला कोण उरायचं नाही.

रिव्हर्समध्ये कुंईंई येत असेल तर तिकडं लक्षच देऊ नका, त्याचे दात सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरांचे तिरके, म्हणून रिव्हर्स ओरडतोच, नव्या गाडीत पण.

ओमनी, बोलेरो, सुमो, जुनी जीप असलं काही असेल त्यांच्यासाठी एक वेगळी खूण. मागच्या चाकांना ओढ असलेल्या या जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये चौथा सरळ जोडलेला असतो, काउंटर शाफ्टवर, म्हणजे खालच्या जोडशाफ्टवर, जोर येतच नाही. तिथं पहिला, दुसरा, तिसरा ओरडतोय आणि चौथ्यात एकदम गप्प, तर काउंटर शाफ्ट किंवा त्याचं बेअरिंग धरा. चौथ्यात पण ओरडतोय तर मागचं हाउसिंग आधी बघा. पण हा नियम झेनला, ८०० ला, एस्टीमला लावायचा नाही, यांच्यात सरळ गिअर असा नसतोच, प्रत्येक गिअरात दोन्ही शाफ्टवर जोर. इंटरनेटवरचं वाचून लोक इथंच गोंधळतात.

माझी फजिती सांगतो. ९७-९८ ची गोष्ट असेल, मी खानापूर रोडला एका मेस्त्रींच्या हाताखाली होतो, दोन वर्षं झाली होती म्हणजे आपल्याला सगळं येतंय असं वाटायचे ते दिवस. चंदगडकडचे एक गुरुजी ८०० घेऊन आले, ४० च्या पुढं हूं हूं आवाज. मेस्त्री गावाला गेलेले. मी दोन दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला, खोलला, बेअरिंगं नवी घातली, परत चढवला, चक्कर मारली, आवाज जसाच्या तसा. मेस्त्री तिसऱ्या दिवशी आले, गाडीत बसलेपण नाहीत, पुढच्या टायरवरनं तळहात एकदा पुढून मागं फिरवला, एकदा मागून पुढं, आणि माझा हात धरून तसाच फिरवायला लावला. एका बाजूनं गुळगुळीत, उलट्या बाजूनं कानशीवर हात फिरवल्यागत. पुढची टायरं मागं टाकली, मागची पुढं, आवाज मागच्या सीटखालनं यायला लागला. गुरुजींकडनं मजुरी घेतली नाही आणि माझ्या पगारातनं बेअरिंगचे पैसे गेले. तेव्हापासून गिअरबॉक्सला पाना लावायच्या आधी मी टायरवर हात फिरवतो. चाकाच्या बेअरिंगचं पण तसंच, रिकाम्या रस्त्यावर ५० ला हलकं डावीकडं-उजवीकडं वळवून बघा, डावीकडं वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्यावर.

हे सगळं करून शेवटी बॉक्स उघडायचीच वेळ आली तर, दादा, सेकंडहँड बॉक्सच्या नादाला लगेच लागू नका. तो कुठल्या गाडीतनं आला, किती चालला, त्यात ऑइल होतं का, कोण सांगणार? तुमच्याच बॉक्सचं केस आणि दात धड असतील तर बेअरिंगं आणि सीलं बदलून तो चांगला होतो. आणि तुमचा पाचवाच ओरडतोय म्हणजे आधी बाजूचं कव्हर काढून पाचव्याची जोडी बघायला सांगा, त्यासाठी सगळा बॉक्स फोडायला लागत नाही. दातांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर ती जोडी एकत्रच बदलायची, एक नवं एक जुनं घातलं तर ओरडणं दुप्पट. बेअरिंग काढल्यावर त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. ६२०५ सारखा नंबर असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा, आतला व्यास २५ मिलिमीटर. तो नंबर, आणि पुढं सी-३ वगैरे काही लिहिलेलं असेल तर ते पण, फोटो काढून बेअरिंगच्या दुकानात जायचं, चांगल्या कंपनीचं घ्यायचं, पक्कं बिल मागायचं, कारण डुप्लिकेट माल भरपूर आहे. प्रेसवर बसवून घ्यायचं काम असेल तर बेळगावला उद्यमबागेत नाहीतर तुम्हाला जवळ म्हणजे कोल्हापूरला उद्यमनगरात, हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका, नवं बेअरिंग बसवतानाच मारून टाकतात. बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या, मजुरी परत द्यायला लागत नाही.

गॅरेजवाल्याला काय विचारायचं? एवढंच, की ऑइल लेव्हल बघितली का, आणि माझ्यासमोर बघता का. त्यावर तो चिडला तर दुसरीकडं जा.

आता गणपतीचं. लेव्हल बघितल्याशिवाय चोर्ल्यात जाऊ नका, कोरडा बॉक्स घाटात बसला तर तिथं रेंजपण मिळायची मारामार, आणि बेअरिंग पूर्ण सुटून शाफ्ट अडकला तर चालत्या गाडीची पुढची चाकं जाम होतात. नवं डावं सील घाला, जुन्याचीच कड आत ढकलून भागवू नका, जीएल-४ भरा, मग निपाणी-संकेश्वर दोन-तीन खेपा मारा आणि गाडी थंड झाल्यावर परत करंगळी घालून बघा, एक्सलच्या मुळाशी ओलं दिसतंय का तेही बघा. लेव्हल टिकली, आवाज कमी झाला, गिअर आपोआप निसटत नाही, तर जा, पाचवा टाळा, चौथ्यात ६० नं चाला, एक लिटर ऑइल डिकीत ठेवा. कुंईंईची घरघर झाली किंवा गिअरच्या दांडीला हाताखाली कंप जाणवला तर तिथंच बाजूला घ्या. चुंबकावरचा लेप फेकू नका, पांढऱ्या कागदावर पुसून उजेडात फोटो काढून पाठवा, मग पुढचं सांगतो.